शटडाऊनमध्ये अमेरिकन सरकारी नोकरांचा पगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी बायको फेडरल नोकरीत आहे आणि मी पेरोलचं काम करतो, त्यामुळे अमेरिकन सरकार बंद पडायची वेळ आली की ओळखीतल्या मराठी घरांतून तेच तेच प्रश्न सुरू होतात. २०१३, २०१८-१९ आणि २०२५ असे तीन मोठे शटडाऊन आमच्या घरानं काढलेत. त्या काळात लोकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवले ते इथे एकत्र केलेत. आधी साधे आहेत, पुढे किचकट. तुमच्या स्वतःच्या केसवर पाऊल उचलायचं असेल तर मात्र युनियनला किंवा वकिलाला गाठाच.

१. शटडाऊन म्हणजे सरकारकडचे पैसे संपले का?

नाही. पैसे असतात, खर्च करायची परवानगी नसते. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि तोपर्यंत काँग्रेसनं (म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं) खर्चाची १२ बिलं किंवा निदान तात्पुरतं बिल पास करायचं असतं. ते झालं नाही तर अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्ट आडवा येतो. हा कायदा सांगतो की मंजुरी नसताना खर्च करायचा नाही, आणि माणसांचा जीव किंवा मालमत्ता धोक्यात असेल तेवढं सोडून कुणाकडून फुकट काम पण करून घ्यायचं नाही. कायदा खूप जुना आहे, पण १९८० पर्यंत मंजुरीत खंड पडला तरी ऑफिसं जमेल तशी चालूच राहायची. १९८० आणि १९८१ मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून ऑफिसं खरोखर बंद व्हायला लागली. सगळी खाती दर वेळी बंद होतात असंही नाही, २०१८-१९ ला संरक्षण आणि लेबर खात्यांची बिलं आधीच पास झाली होती म्हणून ती चालू होती.

२. फर्लो, एक्सेप्टेड, एक्झेम्प्ट यातलं मी नक्की कोण?

फर्लो म्हणजे घरी बसायचं, काम बंद, पगार बंद. एक्सेप्टेड म्हणजे कामावर यायचंच, पगार मात्र नंतर (एअर ट्रॅफिक कंट्रोलर, तुरुंगातले अधिकारी, सीमेवरचे अधिकारी वगैरे). एक्झेम्प्ट म्हणजे तुमच्या ऑफिसचा पैसा त्या वर्षीच्या बिलावर अवलंबूनच नाही, तो फीमधून किंवा दुसऱ्या फंडातून येतो, म्हणून काम पण चालू आणि पगार पण चालू. पोस्ट ऑफिस तसंच आहे, आणि इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या यूएससीआयएसचं बरंचसं काम पण.

आता सगळ्यात जास्त घोटाळा कुठे होतो ते सांगतो. एक्झेम्प्ट हाच शब्द फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्ट म्हणजे एफएलएसएमध्ये पण आहे आणि तिथे त्याचा अर्थ वेगळाच आहे, ओव्हरटाइम आणि किमान वेतनाच्या नियमांतून वगळलेला माणूस असा. त्यामुळे एखादा माणूस शटडाऊनच्या भाषेत एक्सेप्टेड आणि एफएलएसएच्या भाषेत नॉनएक्झेम्प्ट असू शकतो, आणि खालच्या प्रश्न ६ मधल्या सगळ्या कोर्टकचेऱ्या नेमक्या अशाच लोकांच्या आहेत. तुमचा एसएफ-५० फॉर्म (नेमणूक, बढती वगैरेंची नोंद असलेला सरकारी कागद) काढा आणि ३५ नंबरचा रकाना बघा. तिथे इंग्रजी ई असेल तर एफएलएसएमधून वगळलेले, एन असेल तर कायदा तुम्हाला लागू. आमच्याकडे हा रकाना आम्ही पहिल्यांदा बघितला तेव्हा नोकरीला नऊ वर्षं झाली होती.

३. आईबाबा पुण्याहून फोन करून विचारतात की नोकरी गेली का. काय सांगू?

सांगा की गेली नाही. फर्लो म्हणजे काढून टाकणं नव्हे, बिल पास झालं की त्याच खुर्चीवर परत. २०२५ च्या शटडाऊनमध्ये मात्र ही भीती खरी होती कारण त्या काळातच अनेक खात्यांनी कर्मचारीकपातीच्या नोटिसा काढल्या. १२ नोव्हेंबर २०२५ ला सही झालेल्या बिलात शटडाऊनच्या काळातली ती कपात मागे घ्यायला लावली आणि ३० जानेवारी २०२६ पर्यंत नवीन कपातीला बंदी घातली. हे संरक्षण त्या एका बिलापुरतं होतं, कायमचं नाही, हे लक्षात असू द्या.

४. बुडालेला पगार मिळणार हे नक्की का?

कायद्यात तसं लिहिलेलं आहे. २०१९ च्या आधी असा कायमचा कायदा नव्हता, दर शटडाऊननंतर काँग्रेस वेगळा ठराव करून मागचा पगार द्यायची, आणि दर वेळी दिलाही, पण तोपर्यंत माणूस टांगणीला. मग २०१८-१९ चा ३५ दिवसांचा शटडाऊन चालू असतानाच १६ जानेवारी २०१९ ला गव्हर्नमेंट एम्प्लॉयी फेअर ट्रीटमेंट अ‍ॅक्टवर सही झाली. त्यानुसार २२ डिसेंबर २०१८ पासून पुढच्या प्रत्येक शटडाऊनसाठी फर्लोवाल्यांना आणि एक्सेप्टेड लोकांना दोघांनाही नेहमीच्या दरानं मागचा पगार द्यायचा आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरात व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसचं एक टिपण बाहेर आलं, त्यात असा अर्थ लावला होता की काँग्रेसनं वेगळा पैसा मंजूर केल्याशिवाय फर्लोवाल्यांना पगार आपोआप मिळत नाही. आधार होता कायद्यातल्या एका वाक्याचा, की हे पैसे शटडाऊन संपवणारं बिल पास होण्यावर अवलंबून आहेत. मला तो अर्थ अजिबात पटलेला नाही. बिल पास झाल्याशिवाय पैसे देता येणार नाहीत एवढंच ते वाक्य सांगतं, देणं लागत नाही असं कुठेही म्हणत नाही. शेवटी नोव्हेंबरच्या बिलात पगार स्पष्टपणे दिला गेला आणि वाद तिथे थांबला, पण तो परत निघू शकतो, म्हणून पुढच्या वेळी बिलातली बॅक पेची, म्हणजे मागच्या पगाराची, ओळ तेवढी वाचून घ्या.

५. मिळणार ते कळलं, पण कधी?

इथेच खरी मेख आहे. कायदा म्हणतो शटडाऊन संपल्यावर शक्य तितक्या लवकर, ठरलेल्या पगाराच्या तारखेची वाट न बघता. संपल्यावर. म्हणजे शटडाऊन ४३ दिवस चालला तर ४३ दिवस काही नाही. मिळण्याची हमी आहे, वेळेवर मिळण्याची नाही.

फेडरल पगार दर दोन आठवड्यांनी होतो, त्यामुळे पहिला फटका अर्धाच बसतो. २०२५ ला ऑक्टोबरच्या पहिल्या पगारात फक्त सप्टेंबरअखेरपर्यंतच्या दिवसांचे पैसे आले, आणि त्यानंतरची जी स्लिप आली तिच्यावर नेट पेसमोर शून्य. बायकोनं ती स्लिप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली होती, बाजूला घराच्या हप्त्याचं पत्र आणि मुलीच्या पाळणाघराचं बिल, आणि ती रोज सकाळी सहाला कामावर जात होती. ज्यांना वाटतं की शेवटी मिळतातच ना पैसे, मग कशाला आरडाओरडा, त्यांना हे टेबल एकदा दाखवायला हवं.

६. काम करून घेतलं तर ठरलेल्या तारखेला किमान वेतन तरी द्यायलाच लागतं ना? एफएलएसए सरकारला लागू नाही का?

लागू आहे. एफएलएसए १९३८ चा आणि १९७४ मध्ये तो फेडरल नोकरांनाही लागू केला. फेडरल किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे, आणि आठवड्यात ४० तासांच्या वर दीडपट.

कायद्यात पगाराची तारीख लिहिलेली नाही, पण उशिरा दिलेला पगार हा न दिलेलाच पगार हे कोर्टांनी बऱ्याच वर्षांपासून मानलंय. सगळ्यात स्पष्ट निकाल कॅलिफोर्नियातला. १९९० मध्ये राज्याचं बजेट अडकलं आणि हायवेची देखभाल करणाऱ्या कामगारांना पगार १४-१५ दिवस उशिरा मिळाला, पूर्ण मिळाला, फक्त उशिरा. बिग्ज विरुद्ध विल्सन या केसमध्ये १९९३ ला नवव्या सर्किट कोर्टानं (त्या भागाचं फेडरल अपील कोर्ट) सांगितलं की पगाराच्या दिवशी दिला नाही म्हणजे एफएलएसए मोडला, बजेट नव्हतं ही सबब चालणार नाही.

तेच तत्त्व घेऊन २०१३ च्या शटडाऊननंतर फेडरल तुरुंगातले पाच कर्मचारी कोर्टात गेले, मार्टिन विरुद्ध युनायटेड स्टेट्स. हिशोब अगदी साधा होता. १ ते ५ ऑक्टोबर काम केलं, त्या पाच दिवसांचं किमान वेतन म्हणजे ४० तास गुणिले ७.२५, बरोबर २९० डॉलर, ते ठरलेल्या तारखेला मिळाले नाहीत. मागचा पगार नंतर आला होताच, मागणी होती उशिराबद्दल तेवढीच रक्कम भरपाई म्हणून मिळावी, कारण एफएलएसएमध्ये बुडवलेल्या वेतनाइतकी जादा भरपाई असते. सुमारे २५,००० लोक या केसमध्ये सामील झाले आणि २०१७ मध्ये कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सनं (फेडरल सरकारवरच्या पैशांच्या दाव्यांचं कोर्ट) त्यांच्या बाजूनं निकाल दिला. २०१८-१९ नंतर अशाच आणखी केसेस उभ्या राहिल्या, त्यातली एक अ‍ॅव्हॅलोस विरुद्ध युनायटेड स्टेट्स.

आणि मग नोव्हेंबर २०२२ मध्ये याच अ‍ॅव्हॅलोस केसमध्ये वरच्या फेडरल सर्किट कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं हे सगळं उलटवलं. म्हणणं असं की अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्टनं पैसे द्यायलाच बंदी केलेली असताना सरकारनं पैसे थांबवले तर एफएलएसए मोडला असं म्हणता येत नाही. मार्टिनमधला निकालही त्याच दिवशी गेला. तेव्हा आज उत्तर असं आहे की शटडाऊनमुळे पगार लांबला एवढ्यावर फेडरल नोकराला भरपाई मिळत नाही.

मला हा निकाल अन्यायाचा वाटतो आणि ते मी लपवत नाही. एखाद्या हॉटेलवाल्यानं बँकेत खातं गोठलंय म्हणून वेटरचा पगार महिनाभर थांबवला तर हाच कायदा त्याला सोडत नाही. इथे कामावर बोलावणारं सरकार, आणि पैसे मंजूर न करणारं पण सरकारच. बजेटच्या भांडणाचं ओझं दोन आठवड्यांच्या पगारावर जगणाऱ्या माणसानं का उचलायचं?

७. म्हणजे एफएलएसए आता फेडरल नोकरांच्या काही कामाचा नाही?

तसं नाही हो. अ‍ॅव्हॅलोसचा निकाल फक्त शटडाऊनच्या बंदीमुळे झालेल्या उशिराबद्दल आहे. ओव्हरटाइमचा दर, न नोंदवलेले तास, एन ऐवजी ई लावून ओव्हरटाइम बुडवणं, या सगळ्याला कायदा पूर्वीसारखाच लागू आहे. बिल पास झाल्यावरही ऑफिसनं विनाकारण पैसे लटकवले तर बंदीची सबब उरत नाही, असं मी तो निकाल वाचून समजतो. तक्रार कशी करायची ते प्रश्न १६ मध्ये.

८. शटडाऊनमध्ये ओव्हरटाइम केला तर त्याचे पैसे?

मिळतात, दीडपटीसकट, पण नंतर. फक्त त्या दिवसांत टाइमशीटची व्यवस्था बऱ्याचदा विस्कळीत असते, सुपरवायझर पण फर्लोवर असतात, त्यामुळे तुमचे तास तुम्हीच लिहून ठेवा. आमच्याकडे साधी वही आहे, तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, जेवणाची सुट्टी मिळाली की नाही, आणि जादा थांबायला कुणी सांगितलं त्याचं नाव. २०१९ ला त्या वहीमुळेच अकरा तासांचा फरक सापडला.

९. फर्लोवर आहे, ऑफिसचा ईमेल नुसता बघितला तर चालतं का?

नको. बघणं हेसुद्धा काम धरलं जातं आणि मंजुरीशिवाय काम करून घ्यायला बंदी आहे. ऑफिसच्या सूचना वाचायच्या किंवा परत कधी यायचं ते बघायचं एवढी सूट बहुतेक ठिकाणी देतात, ती लेखी सूचनेत असते, तेवढंच करा. कायदा जाणूनबुजून मोडणाऱ्या अधिकाऱ्याला ५,००० डॉलर दंड आणि दोन वर्षं कैद अशी शिक्षा कागदावर आहे. आणि साहेबांनी गुपचूप काम सांगितलंच तर ते लेखी मागा, कारण करून घेतलेल्या कामाचे पैसे हा एफएलएसएचा विषय होतो.

१०. पगार नाही तर मी कामावर जाणार नाही असं म्हणता येतं का?

एक्सेप्टेड असाल तर नाही. न जाणं म्हणजे विनापरवानगी गैरहजेरी आणि त्यावर कारवाई होते. सगळ्यांनी मिळून न जाणं तर त्याहून धोक्याचं कारण फेडरल नोकरांना संप करायला कायद्यानं बंदी आहे आणि तो फौजदारी गुन्हा आहे. १९८१ ला रेगन सरकारनं संपावर गेलेले ११,००० पेक्षा जास्त एअर ट्रॅफिक कंट्रोलर काढून टाकले होते. बिनपगारी काम ही वेठबिगारी आहे असं म्हणून जानेवारी २०१९ मध्ये युनियन कोर्टात गेल्या होत्या, पण वॉशिंग्टनच्या फेडरल जजनं तातडीचा मनाई हुकूम द्यायला नकार दिला.

खरंच आजारी असाल तर रजा घ्या. २०१९ च्या कायद्यानं एक चांगली गोष्ट केली, एक्सेप्टेड माणसाला शटडाऊनमध्येही मंजूर रजा वापरता येते आणि तिचे पैसे मागच्या पगारासोबत येतात. त्याआधी रजा घेतली की त्या दिवसापुरतं फर्लोवर टाकायचे.

११. बेरोजगारी भत्ता मिळतो का?

फर्लोवाले अर्ज करू शकतात, ज्या राज्यात तुमचं कामाचं ठिकाण आहे तिथे (राहायला व्हर्जिनियात आणि ऑफिस डीसीत असेल तर डीसीत). मागचा पगार आला की भत्ता परत करावा लागतो, म्हणून मिळालेले पैसे उसने समजूनच वापरा. एक्सेप्टेड म्हणून पूर्णवेळ काम करत असाल तर साधारणपणे मिळत नाही, कारण त्यांच्या लेखी तुम्ही बेरोजगार नाही. म्हणजे घरी बसलेल्याला आधार आणि राबणाऱ्याला काहीच नाही, हे मला आजही गिळवत नाही.

१२. हेल्थ इन्शुरन्स तुटतो का?

तुटत नाही. तुमचा हप्ता साठत जातो आणि पगार सुरू झाला की कापला जातो, त्यामुळे पहिली स्लिप अपेक्षेपेक्षा कमी दिसली तर घाबरू नका. डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्द करायची काहीही गरज नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण ओळखीतल्या एका काकूंनी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं.

१३. त्या काळात दुसरं काम केलं किंवा मित्रांनी मदत केली तर?

फर्लोवर असलात तरी तुम्ही सरकारी नोकरच आहात, म्हणून बाहेरच्या कामाचे नियम लागू राहतात आणि काही खात्यांत आधी परवानगी लागते. नातेवाईक, जुने मित्र यांनी नेहमीच्या नात्यानं दिलेली मदत घ्यायला हरकत नसते. तुमच्या ऑफिसशी काम असलेल्या कंपनीनं किंवा माणसानं दिलेली भेट मात्र टाळा, तिथे एका वेळी २० डॉलर आणि वर्षाला एकाकडून ५० डॉलर अशी मर्यादा आहे.

१४. मी सरकारी नोकर नाही, कॉन्ट्रॅक्टर आहे, एच-१बी वर. मला काय?

हा प्रश्न आपल्या लोकांकडून सगळ्यात जास्त येतो, कारण फेडरल नोकऱ्या बहुतेक नागरिकांनाच मिळतात आणि बाकीचे कॉन्ट्रॅक्ट कंपन्यांतून तिथेच काम करत असतात. वाईट बातमी आधी. प्रश्न ४ मधला कायदा तुम्हाला लागू नाही. सरकारनं कॉन्ट्रॅक्ट थांबवलं तर त्या दिवसांचे पैसे मागाहून मिळायची काही हमी नाही.

पण तुमची मालक खाजगी कंपनी आहे आणि अ‍ॅव्हॅलोसची पळवाट तिला नाही. केलेल्या कामाचा पगार ठरलेल्या तारखेला द्यायलाच लागतो, सरकारनं आमचं बिल भरलं नाही हे कारण चालत नाही. तुम्ही एफएलएसएच्या अर्थानं एक्झेम्प्ट, म्हणजे ठरलेल्या पगारावरचे असाल आणि आठवड्यात थोडं जरी काम केलं असेल तर काम नव्हतं म्हणून त्या आठवड्याचा पगार कापता येत नाही. पूर्ण आठवडा काहीच काम केलं नाही तर कापता येतो.

एच-१बी वाल्यांना त्यापुढे एक मजबूत संरक्षण आहे. काम नाही म्हणून कंपनीनं तुम्हाला बिनपगारी बसवून ठेवणं, ज्याला सगळे बेंचिंग म्हणतात, ते बेकायदा आहे, एलसीएमध्ये (एच-१बीसाठी कंपनी लेबर खात्याकडे भरते तो अर्ज) लिहिलेला पगार चालूच ठेवावा लागतो. कंपनी एक तर पगार देते नाहीतर रीतसर नोकरी संपवते, मधलं काही नसतं. म्हणून कंपनीनं स्वतःहून बिनपगारी रजेचा अर्ज लिहून द्यायला सांगितलं तर सही करू नका, कारण तुम्ही स्वतः मागितलेली रजा हा त्या नियमाचा अपवाद आहे आणि तो कागद नंतर तुमच्याच विरुद्ध जातो. लेबर खातं बंद असेल तर नवीन एलसीए आणि ग्रीन कार्डाचं पर्म (त्यासाठी लागणारी लेबर खात्याची मंजुरी) दोन्ही अडकतं, २०१३ आणि २०२५ ला तसं झालं. त्यामुळे नोकरी बदलायच्या तयारीत असाल तर तारखांवर नजर ठेवा.

१५. मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे. राज्याचं बजेट अडकलं तर?

तुमची बाजू या बाबतीत फेडरल नोकरांपेक्षा बळकट आहे. अँटिडेफिशियन्सी अ‍ॅक्ट फक्त फेडरल सरकारचा, त्यामुळे राज्यांसाठी बिग्जचा निकाल (प्रश्न ६) अजून जागेवर आहे. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये सांगितलं की बजेट नसताना पूर्ण पगार द्यायची सक्ती नाही, पण एफएलएसएत बसणाऱ्यांना किमान वेतन आणि ओव्हरटाइम द्यायलाच हवा. त्यावरूनच २००८ ला गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी सुमारे दोन लाख नोकरांना तात्पुरतं तासाला ६.५५ डॉलर, म्हणजे तेव्हाचं फेडरल किमान वेतन, द्यायचा आदेश काढला होता, आणि राज्याचे कंट्रोलर, म्हणजे पगाराचे चेक काढणारे अधिकारी, जॉन चियांग यांनी तो पाळायला नकार दिला. अडचण एकच, १९९९ च्या ऑल्डेन विरुद्ध मेन या निकालापासून राज्याच्या नोकराला राज्याच्या संमतीशिवाय भरपाईचा दावा लावता येत नाही, म्हणून तिथे फेडरल लेबर खात्याची किंवा युनियनची वाट धरावी लागते.

१६. बॅक पे आला पण हिशोब चुकलाय. आता काय करू?

आधी थोडं थांबा, कारण पहिली रक्कम घाईत आणि कधी अंदाजानं टाकलेली असते आणि दुरुस्ती पुढच्या एकदोन स्लिपमध्ये येते. तरी फरक राहिला तर स्लिप आणि तुमची वही (प्रश्न ८) समोरासमोर ठेवून कोणत्या तारखेचे किती तास कमी आहेत ते लिहून ऑफिसच्या पेरोलला पाठवा, फोनवर भागवू नका. तुमच्या युनियनच्या करारात ग्रिव्हन्सची (तक्रारीची) वाट असेल तर बहुतेक वेळा तीच धरावी लागते. नसेल तर स्वतःच्या खात्याकडे किंवा ओपीएमकडे (फेडरल नोकरांचं मध्यवर्ती कार्मिक ऑफिस) एफएलएसएचा दावा करता येतो, आणि कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स आहेच. मुदत दोन वर्षं, जाणूनबुजून बुडवल्याचं दाखवता आलं तर तीन. सामूहिक केस चालू असेल तर तुमचं नाव आपोआप त्यात येत नाही, स्वतः लेखी संमती द्यावी लागते, आणि तुमच्यापुरती मुदत ती संमती कोर्टात दाखल होईपर्यंत सरतच राहते. २०१३ च्या केसमध्ये आमच्या घरी तो फॉर्म आठवडाभर फ्रिजवर मॅग्नेटखाली तसाच राहिला होता. तुमच्याकडे आला तर त्याच दिवशी भरून पाठवा.